काळ्या मोहऱ्यांसाठी एक भक्कम ओपनिंग: कॅरो-कान शिकायचं कसं

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून वर जातो, तेव्हा दुपारी पोरांना घरात बसवण्याचा स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे बुद्धिबळाचं शिबिर. आठवड्याभरात तिथे प्रत्येकाला एक गोष्ट हमखास येते. पांढऱ्याने ई४, उंट सी४, वजीर एच५ आणि चौथ्या चालीला एफ७ वर मात. काळी मोहरी वाट्याला आली की मात्र तेच पोर समोरच्याचा हात बघत बसतं आणि सुचेल ते खेळतं. स्विस लीगच्या सात फेऱ्यांमध्ये तीन-चार डाव काळ्यानेच खेळावे लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धी स्पर्धा.

हा लेख त्या अर्ध्या स्पर्धेसाठी आहे. ज्यांना नियम येतात, साधे डावपेच दिसतात, पण काळ्याने बसल्यावर दहाव्या चालीलाच दम लागतो अशा शाळकरी मुलांसाठी, आणि ऑफिस सुटल्यावर खेळणाऱ्या मोठ्यांसाठीही.

माझी शिफारस कॅरो-कान. सिसिलियन झणझणीत आहे, पण त्यात पाठांतर फार आणि एक चाल चुकली की राजा उघड्यावर. ई४ ला ई५ हे उत्तम उत्तर, पण मग इटालियन, रुय लोपेझ, स्कॉच, किंग्ज गॅम्बिट यांतलं काय खेळायचं ते पांढरा ठरवणार आणि तुम्हाला सगळ्यांची तयारी ठेवावी लागणार. फ्रेंच डिफेन्स भक्कम आहे, पण त्यात सी८ वरचा उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकून पडतो. कॅरो-कानमध्ये भक्कमपणा तोच मिळतो आणि उंटही मोकळा राहतो. होरॅशिओ कॅरो आणि मार्कुस कान या दोघांनी १८८६ मध्ये या बचावाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, म्हणून हे जोडनाव. पुढे कापाब्लांका, बोटविनिक, पेट्रोसियन, कारपोव्ह अशा, फुकट काहीही न देणाऱ्या लोकांनी तो वापरला.

आधी पट मांडा

मोबाइलवर शिकू नका, निदान सुरुवातीला तरी नको. गुंडाळी करता येणारा साधा पट घ्या, काळी मोहरी आपल्या बाजूला ठेवा आणि खाली दिलेली प्रत्येक चाल हाताने करा. चाली मी नेहमीच्या पद्धतीने लिहितो: प्यादं असेल तर फक्त घराचं नाव, बाकी मोहऱ्यांचं नाव आणि घर. मारण्यासाठी × ही खूण. आकड्यापुढे तीन टिंबं असली की ती काळ्याची चाल. शिवाय एक वही हवी. दोनशे पानी, साधी.

पहिल्या दोन चाली: १. ई४ सी६ २. डी४ डी५.

सी६ चं प्यादं दिसायला बावळट वाटतं, कारण घोड्याचं चांगलं घर तेच अडवतं. पण त्याचं काम एकच: डी५ ला आधार द्यायचा. पांढऱ्याने डी५ वर मारलं तर आपण सी प्याद्याने मारायचं, वजिराने नाही. मध्यावरचं प्यादं तसंच राहतं आणि वजीर पटाच्या मध्यभागी घोड्यांच्या लाथा खायला जात नाही.

शाळेच्या स्पर्धेतली चार चालींची मातही इथेच संपते. २. उंट सी४ आला की डी५, आणि उंटाला पळावं लागतं. २. वजीर एच५ आला की घोडा एफ६, वजीर पळतो आणि आपला घोडा फुकटात बाहेर येतो. पोरं हे एकदा करून बघतात तेव्हा त्यांची काळ्याची भीती निम्मी जाते.

सगळा खेळ सी८ च्या उंटाचा

या बचावाचे खूप फाटे आहेत, आणि बहुतेक जण ते एकेक करून पाठ करायला बसतात. "सर, याच्या बारा चाली पाठ झाल्यात," असं पालक कौतुकाने सांगतात. मग मी मुलाला विचारतो, "बाळा, हा उंट तू इथे का ठेवलास?" की पोरगं बाबांकडे बघतं.

म्हणून क्रम उलटा करा. प्रत्येक फाट्यात एकच प्रश्न विचारा: सी८ चा उंट कुठे जाणार? नियम साधा आहे. आधी पाहुणा बाहेर, मग दार बंद. उंट एफ५ किंवा जी४ वर जातो आणि त्यानंतरच ई६ खेळायचं. ई६ आधी खेळलात तर तुम्ही एक चाल वाया घालवून फ्रेंच डिफेन्स खेळत आहात.

दुसरा प्रश्न: सी५ कधी? एकदा मोहरी बाहेर आली की डी४ वर धक्का द्यायलाच हवा, आणि तो धक्का म्हणजे सी५. हा धक्का न देता नुसतं बसून राहणारा काळा हळूहळू गुदमरतो. कॅरो-कान भित्र्यांचा डाव आहे असं म्हणणारे बहुधा असे डाव पाहिलेले असतात.

पांढरा पुढे सरकला तर: ३. ई५

स्थानिक स्पर्धांत हीच चाल सर्वांत जास्त भेटते, कारण पुढे जायचं आणि जागा बळकवायची हे कुणालाही सुचतं. म्हणून पहिला पूर्ण आठवडा हिलाच द्या.

३... उंट एफ५. पाहुणा बाहेर. आता पांढऱ्याचे चार रस्ते.

शांत खेळणारा ४. घोडा एफ३ ई६ ५. उंट ई२ खेळेल. इथे लगेच ५... सी५. सी६ वरून सी५, म्हणजे एकाच प्याद्याला दोन चाली गेल्या हे खरं आहे, पण पांढऱ्याची ई५-डी४ साखळी तिथेच हलते. ६. उंट ई३ सी×डी४ ७. घोडा×डी४ घोडा ई७, आणि मागून दुसरा घोडा बी८ वरून सी६ वर. डी४ च्या घोड्याला एफ५ चा उंट मारायला दिसतो, तेव्हा त्याकडे प्रत्येक चालीला लक्ष असू द्या. ई७ चा घोडा एफ५ वर पहारा देतोच.

घाईचा खेळाडू ४. उंट डी३ खेळतो. उंटाला उंट मारून टाका: ४... उंट×डी३ ५. वजीर×डी३ ई६. पांढऱ्याने आपला चांगला उंट स्वतः देऊन टाकला. त्याची प्यादी डी४ आणि ई५ वर, म्हणजे काळ्या घरांवर. आता पांढऱ्या घरांवर पहारा द्यायला त्याच्याकडे कुणी नाही. हेच शिकायला न्यूयॉर्कच्या १९२७ च्या स्पर्धेतला निम्झोविच विरुद्ध कापाब्लांका हा डाव पटावर मांडा. त्यात नेमक्या याच पाच चाली झाल्या आणि काळ्याने खेळणाऱ्या कापाब्लांकाने पांढऱ्या घरांवरून निम्झोविचसारख्याला हलू दिलं नाही. एकच डाव नीट बघायचा असेल तर हाच बघा, तोही एकापेक्षा जास्त वेळा.

तिसरा रस्ता धोक्याचा: ४. एच४. सवयीने ४... ई६ खेळलात तर उंट गेलाच. ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५, आणि उंटाला जायला घरच नाही. सी२ चं प्यादं मारलं तरी वजीर त्याला टिपतो. म्हणून एच४ ला ४... एच५ हे उत्तर. जी४ चा रस्ता बंद. ही एकच जागा अशी आहे की जिथे दार बंद करण्याआधी अंगणात बघावं लागतं. वहीत लाल शाईने लिहा.

चौथा, ४. घोडा सी३ ई६ ५. जी४ उंट जी६, आणि पुढे घोडा जी-ई२ (म्हणजे जी१ वरचा घोडा ई२ वर) आला की सी५. पांढरा राजाच्या बाजूची प्यादी उधळतोय, तेव्हा मध्यावर धक्का द्यायचा. इथून पुढे डाव तिखट होतो. त्याची खोल तयारी नंतर करा.

बोटविनिकने १९६१ च्या विश्वविजेतेपदाच्या परतीच्या सामन्यात ताल विरुद्ध ३... सी५ हा दुसरा मार्ग वापरला होता, आणि मुकुटही परत मिळवला. आज तोही लोकप्रिय आहे. पण मी नवख्याला तो आधी देत नाही, कारण उंटाचा धडा त्यात शिकायला मिळत नाही.

मूळ लढाई: ३. घोडा सी३

३. घोडा डी२ आला तरी फरक नाही, कारण आपण दोन्हीला डी×ई४ च खेळणार. ४. घोडा×ई४ उंट एफ५ ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६.

इथे थांबून पट बघा. एच६ का? नाही खेळलं तर एच५ येतं आणि उंट अडकतो: ई४ आणि एफ५ वर जी३ चा घोडा टपून बसलेला, एच७ वर आपलंच प्यादं. एच६ खेळल्यावर एच७ हे घर मोकळं होतं. शिबिरात मी हे पोरांकडूनच शोधून घेतो. कुणीतरी ओरडतं, "सर, उंटाला खिडकीच नाही की!" एवढं समजलं की ती चाल जन्मभर विसरत नाही.

पुढे ७. घोडा एफ३ घोडा डी७, म्हणजे पांढऱ्या घोड्याला ई५ वर येऊ द्यायचं नाही. ८. एच५ उंट एच७ ९. उंट डी३ उंट×डी३ १०. वजीर×डी३ ई६. मग दुसरा घोडा एफ६, उंट ई७, आणि कॅसलिंग. पांढरा बहुधा वजिराच्या बाजूला कॅसलिंग करतो. त्याला जागा जास्त, पण एच५ चं प्यादं पुढे निघून गेलेलं. वजीर उतरले की ते सांभाळणं त्याला जड जातं. तुमचं काम: सी५ खेळणं, मोहरी उतरवणं, घाई न करणं.

एवढं पाठ करायचं नसेल तर ४... घोडा एफ६ ५. घोडा×एफ६ ई×एफ६ हा आडमार्ग आहे. एफ फाइलवर (उभ्या रांगेत) दोन प्यादी एकामागे एक येतात, राजा मजबूत बसतो, उंट डी६ वर, हत्ती ई८ वर. फक्त एक लक्षात ठेवा: सगळी मोहरी उतरून नुसती प्यादी राहिली तर पांढऱ्याची वजिराच्या बाजूची संख्येने जास्त असलेली प्यादी त्याला जिंकून देतात. एंडगेम कच्चा असेल तर हा मार्ग घेऊ नका.

दोन खड्डे, आधीच बघून ठेवा

चौथ्या चालीला ४... घोडा डी७ खेळणारेही बरेच आहेत. चाल वाईट नाही, पण तिथे दोन खड्डे आहेत आणि त्यांत पडायला रेटिंग आड येत नाही.

पहिला: ५. वजीर ई२. निरागस दिसते. तुम्ही सवयीने घोडा जी८ वरून एफ६ वर आणला तर ६. घोडा डी६ मात. ई७ च्या प्याद्याने घोडा मारता येत नाही, कारण समोर ई२ वर वजीर आणि मागे आपला राजा, प्यादं पिनमध्ये. राजाला हलायला घर नाही, सगळीकडे आपलीच मोहरी. पटावर मांडून बघा; पाच चालींत काळा स्वतःच्या माणसांत चेंगरून मरतो.

दुसरा खड्डा जगप्रसिद्ध. ११ मे १९९७, डीप ब्लू या संगणकाविरुद्धचा सहावा आणि शेवटचा डाव. ५. घोडा जी५ घोडा जी-एफ६ ६. उंट डी३ ई६ ७. घोडा १-एफ३ (पहिल्या ओळीतला घोडा) आणि कास्पारोव्हने ७... एच६ खेळलं. ८. घोडा×ई६! घोडा देऊन संगणकाने राजा मध्यावर कोंडला, आणि जगज्जेत्याने १९ व्या चालीला डाव सोडला. तिथे एच६ च्या आधी उंट डी६ खेळायचा असतो.

दोन्ही खड्डे ४... उंट एफ५ मध्ये येतच नाहीत. मी तीच चाल शिकवतो, त्याचं हेही एक कारण.

मारामारी केली तर: ३. ई×डी५ सी×डी५

आता पांढऱ्याचे दोन स्वभाव दिसतात.

४. उंट डी३ खेळणारा शांत असतो. घोडा सी६ ५. सी३ घोडा एफ६ ६. उंट एफ४ उंट जी४. उंट बाहेर, मग ई६. ७. वजीर बी३ ने बी७ वर डोळा ठेवला तर वजीर डी७. पुढचा बेत पक्का: उंट डी६ ने काळ्या घरांचे उंट उतरवायचे आणि हत्ती बी८ वर आणून बी५-बी४ असं प्यादं पुढे सरकवायचं, म्हणजे पांढऱ्याच्या सी३ ला खिंडार पडतं. डाव कंटाळवाणा आहे असं वाटेल. वाटू दे. १९७० मध्ये बेलग्रेडला फिशरने पेट्रोसियनविरुद्ध हाच शांत उंट डी३ खेळून डाव जिंकला होता, तेव्हा पांढरा सुस्त आहे म्हणून आपण सुस्त व्हायचं नाही.

४. सी४ खेळणारा मात्र भांडायला आलाय. हा पानोव्ह हल्ला. घोडा एफ६ ५. घोडा सी३ ई६. होय, इथे आपण दार आधी बंद करतो, उंट आतच. कारण उंट एफ५ वर गेला तर बी७ उघडं पडतं आणि वजीर बी३ ने बी७ व डी५ दोन्हीवर एकदम मार बसतो. नियमाला असलेला हा अपवाद कारणासकट लक्षात ठेवा. ६. घोडा एफ३ उंट ई७ ७. सी×डी५ घोडा×डी५. आता पांढऱ्याचं डी४ चं प्यादं एकटं पडलं, शेजारी कुणी नाही. आपला घोडा डी५ वर खुंटा मारल्यासारखा बसवायचा, लहान मोहरी उतरवायची, उंट बी६ करून बी७ वर काढायचा. पांढऱ्याला डी५ पुढे ढकलू दिलंत की सगळं बिनसतं. ७. सी५ करून तो पुढेच गेला तर कॅसलिंग करून बी६ ने साखळी फोडायची.

बाकीचं थोडक्यात

२. घोडा सी३ डी५ ३. घोडा एफ३ आला तर उंट जी४, ४. एच३ उंट×एफ३ ५. वजीर×एफ३ ई६. दोन उंटांची जोडी त्याच्याकडे, पण आपलं घर पक्कं. इथे डी×ई४ करून उंट एफ५ ची नेहमीची चाल करू नका: घोडा जी३, एच४ झाल्यावर त्याचा घोडा एक चाल आधीच तयार असल्याने ई५ वर येतो आणि मागोमाग वजीर एच५.

२. डी४ डी५ नंतर ३. एफ३ आला तर डी×ई४ ४. एफ×ई४ ई५. लोभी माणूस ५. डी×ई५ मारतो, मग वजीर एच४ शह, ६. जी३ वजीर×ई४ शह, आणि पुढच्या चालीला एच१ चा हत्ती आपला. शहाणा असेल तर घोडा एफ३ खेळेल, तेव्हा उंट जी४.

सराव कसा

एका वेळी एकच फाटा. आठवडाभर फक्त ३. ई५, मग पुढचा. रोज अर्धा तास पुरे, त्यात दहा मिनिटं पटावर चाली आणि वीस मिनिटं त्या फाट्याचा एखादा पूर्ण डाव, शेवटपर्यंत. ओपनिंगपुरतं बघून डाव बंद करणं ही सर्वांत मोठी नासाडी. एंडगेममध्ये प्यादी कुठे गेली ते न बघता आपल्याला सी५ चं महत्त्व कळत नाही.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टडी नावाची सोय आहे, मोफत. प्रत्येक फाट्याचं वेगळं प्रकरण करा आणि प्रत्येक काळ्या चालीखाली कारण मराठीत लिहा: "एच४ मुळे एच६", "बी७ साठी वजीर डी७". कारण लिहिता येत नाही ती चाल तुम्हाला आलेली नाही. तिथल्याच ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये रेटिंगचा गाळणा लावून आपल्या पातळीचे लोक खरंच काय खेळतात ते बघता येतं. ग्रँडमास्टरांचे फाटे आणि आपल्या गल्लीतले फाटे वेगळे असतात, आणि तयारी गल्लीची आधी करायची.

इंजिनाला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, लगेच विचारू नका. ते अधिक शून्य पॉइंट चार असं दाखवतं आणि पोरं हिरमुसतात. काळ्याने सुरुवातीला तेवढं मागे असणं अगदी नॉर्मल आहे.

सरावाला ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, नको; निदान दहा मिनिटांचे डाव घ्या. रॅपिड स्पर्धेत चाली लिहिण्याचं बंधन नसतं, म्हणून फेरी संपताच बाहेर येऊन पहिल्या पंधरा चाली वहीत उतरवा. पुण्याच्या स्पर्धेला हुतात्मा एक्स्प्रेसने जाणाऱ्यांकडे परतीच्या प्रवासात या वहीसाठी भरपूर वेळ असतो. कुठे तयारी संपली त्या चालीवर गोल करा. पुढच्या स्पर्धेआधी तेवढीच चाल बघायची, नवा फाटा नाही.

आणि डी४ आला तर?

सगळेच ई४ खेळत नाहीत. इथे कॅरो-कानवाल्याचा फायदा होतो, कारण १. डी४ डी५ २. सी४ सी६ म्हणजे स्लाव्ह, आणि प्याद्यांचा सांगाडा तोच. ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ डी×सी४ ५. ए४ उंट एफ५. पुन्हा पाहुणा बाहेर. ६. ई३ ई६ ७. उंट×सी४ उंट बी४ आणि कॅसलिंग. चौथ्या चालीला सी४ न मारता थेट उंट एफ५ खेळलात तर सी×डी५ आणि वजीर बी३ चा तोच जुना मार बसतो, पानोव्हमध्ये पाहिलेला. लंडनवाला २. उंट एफ४ खेळला तर आपणही उंट एफ५, मग ई६, मग सी५.

स्लाव्हला हात घालण्याआधी कॅरो-कानचे ३. ई५ आणि ३. घोडा सी३ हे दोन फाटे वहीत न बघता पटावर मांडता यायला हवेत. आले, की पुढच्या आठवड्यात ५. ए४ पासून सुरुवात करा.